शॉर्ट गेमसाठी वेज निवडताना: लॉफ्टच्या आकड्याआधी सोल पाहा

पुण्यात गोल्फ खेळणाऱ्या, साधारण १८ हँडिकॅप (खेळाच्या पातळीचा आकडा; तो जितका कमी, तितका खेळ सरस) असलेल्या एका खेळाडूचा प्रश्न असा आहे. त्यांच्याकडे आयर्नच्या संचासोबत आलेला ४४ अंशांचा पिचिंग वेज आणि ५६ अंशांचा, ८ अंश बाउन्सचा एक सँड वेज आहे. (वेज म्हणजे जवळचे, उंच फटके मारण्याचा क्लब; पहिला अंश लॉफ्टचा, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या चेहऱ्याच्या तिरपेपणाचा; बाउन्सचा अर्थ पुढे येतो.) ग्रीनच्या (होलभोवतीच्या आखूड गवताच्या भागाच्या) आसपास क्लब कधी चेंडूच्या मागे जमिनीत रुततो, तर कधी चेंडू थिन लागून, म्हणजे क्लबच्या धारेने वरच्या भागात लागून, ग्रीनच्या पलीकडे जातो. बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) पहिल्याच फटक्यात बाहेर येण्याची खात्री वाटत नाही. ८० ते १०० यार्डांवरून नेमका कोणता क्लब घ्यावा, हेही कळत नाही. ६० अंशांचा लॉब वेज घेतल्यास शॉर्ट गेम (ग्रीनजवळचा खेळ) सुधारेल का, आणि घ्यायचा झाल्यास कोणता घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

माझे स्पष्ट मत असे आहे की, सध्या ६० अंशांचा वेज घेऊ नये. तुम्ही सांगितलेल्या अडचणींपैकी एकही लॉफ्ट कमी पडल्यामुळे आलेली नाही. क्लब रुतणे, चेंडू थिन लागणे आणि बंकरमध्ये अडकणे या तिन्हींचा संबंध क्लबच्या सोलशी, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या तळाशी आणि तो तळ तुम्ही जमिनीवर कसा आणता याच्याशी आहे. अंतराचा गोंधळ मात्र लॉफ्टमुळेच झालेला आहे. पण तो सर्वांत वरच्या टोकाला नसून ४४ आणि ५६ यांच्या मधल्या रिकाम्या जागेत आहे. दुकानात वेज पाहताना आपण सगळे आधी त्यावर कोरलेला मोठा आकडा वाचतो. माझी विनंती आहे की, त्याच्या शेजारचा लहान आकडा आधी वाचावा आणि नंतर क्लब उलटा करून त्याचा तळ नीट पाहावा.

तो लहान आकडा म्हणजे बाउन्स. शाफ्ट (क्लबचा दांडा) सरळ उभा ठेवून वेज जमिनीवर टेकवला, तर सोलची मागची बाजू जमिनीला लागते आणि पुढची धार, म्हणजे लीडिंग एज, किंचित वर राहते. सोलचा हा उतार जमिनीशी जो कोन करतो, तो बाउन्सचा कोन. ढोबळमानाने ४ ते ६ अंश म्हणजे कमी, ७ ते १० म्हणजे मध्यम आणि त्यापुढे जास्त बाउन्स असे मानतात. बाउन्स असल्यामुळे क्लब वाळूत किंवा गवतात शिरताना खाली खोदत जात नाही. तळाची मागची बाजू आधी टेकते आणि क्लब पुढे घसरत जातो. जीन सारझेन यांनी १९३२ मध्ये इंग्लंडमधील सँडविचजवळच्या प्रिन्सेस मैदानावर ओपन चॅम्पियनशिप जिंकली, तेव्हा त्यांच्या हाती अशाच तऱ्हेने बदललेला क्लब होता. त्याआधीचे क्लब पातळ धारेचे होते आणि वाळूत खोल शिरत. सारझेन यांनी आपल्या निब्लिकच्या (त्या काळच्या जास्त लॉफ्टच्या क्लबच्या) सोलवर, मागच्या बाजूला धातू जोडून ती धारेपेक्षा खाली आणली. विमानाची शेपटी खाली झुकली की नाक वर उठते, हे पाहून ही कल्पना सुचल्याचे ते सांगत. आजच्या प्रत्येक सँड वेजचा मूळ विचार तोच आहे, आणि तो लॉफ्टचा नाही, सोलचा आहे.

तथापि, क्लबवर कोरलेला बाउन्स आणि चेंडूपाशी प्रत्यक्ष मिळणारा बाउन्स हे एकच नसतात. चेंडू मारताना हात पुढे ढकलून शाफ्ट लक्ष्याच्या दिशेने ५ अंश झुकवला, तर लॉफ्टही सुमारे ५ अंशांनी कमी होतो आणि बाउन्सही. तुमचा ५६ अंशांचा, ८ बाउन्सचा वेज अशा वेळी ५१ अंशांचा, ३ बाउन्सचा होतो. हात १० अंश पुढे गेले तर बाउन्स शून्याच्याही खाली जातो आणि उरते ती केवळ धार, जी जमिनीत शिरण्यापलीकडे दुसरे काही करू शकत नाही. हौशी खेळाडूंना ‘हात चेंडूच्या पुढे ठेवा’ हा सल्ला इतक्या वेळा मिळालेला असतो की, चिप (ग्रीनजवळचा छोटा, कमी उंचीचा फटका) करताना पुष्कळ जण चेंडू उजव्या पायापाशी ठेवतात, हँडल डाव्या मांडीच्याही पुढे नेतात आणि मग क्लब रुततो म्हणून वेजला दोष देतात. एकदा-दोनदा क्लब रुतला की शरीर पुढच्या फटक्यात आपोआप वर उचलले जाते आणि चेंडू थिन लागतो. तुमच्या वर्णनातील फॅट (चेंडूआधी जमिनीत रुतणे) आणि थिन हे दोन वेगळे दोष नसून एकाच दोषाची दोन रूपे असण्याची शक्यता मला अधिक वाटते. याउलट क्लबचा चेहरा उघडला, म्हणजे अधिक आकाशाकडे वळवला, की बाउन्स वाढतो. बंकरमध्ये चेहरा उघडायला सांगतात त्याचे खरे कारण हेच आहे.

येथे एक समज दूर केला पाहिजे, कारण त्यामुळे बहुतेक जण चुकीचा वेज घेतात. कठीण जमिनीवर जास्त बाउन्सचा क्लब उसळतो आणि धार चेंडूच्या मध्यावर आदळते, अशी भीती सर्वत्र ऐकू येते. साधा हिशेब करून पाहा. सोलचा जमिनीला टेकणारा बिंदू धारेपासून १० मिलिमीटर मागे आहे असे धरले, तर १२ अंश बाउन्स असतानाही धार जमिनीपासून जेमतेम २ मिलिमीटर वर असते. चेंडूचा मध्य जमिनीपासून सुमारे २१ मिलिमीटरवर असतो. म्हणजे सरळ चेहऱ्याने मारलेल्या चिपमध्ये बाउन्समुळे चेंडू थिन लागेल इतकी उंची मुळात निर्माणच होत नाही. चेहरा पुष्कळ उघडून बाउन्स २२ अंशांपर्यंत नेला, तर धार सुमारे ४ मिलिमीटर वर जाते. मग कठीण, गवत नसलेल्या लायवर (चेंडू पडलेल्या जागेवर) चेंडूखाली शिरायला जागा खरोखरच कमी राहते. सारांश, कठीण लायवर घातक ठरतो तो उघडलेला चेहरा. बाउन्सवरचा हा आरोप बराचसा त्याच्या वाट्याचा नाही.

स्वतःला कोणता सोल मानवेल हे ठरवण्याची एक पद्धत फिटर (खेळाडूला जुळणारे क्लब ठरवून देणारी) मंडळी नेहमी वापरतात आणि ती तुम्ही घरचे सामान घेऊनही करू शकता. पुसता येणाऱ्या मार्करने सोलवर धारेपासून मागच्या कडेपर्यंत तीन-चार रेषा ओढा आणि फेअरवेसारख्या आखूड गवतावरून २०-३० यार्डांचे आठ-दहा पिच (उंच जाणारे छोटे फटके) नेहमीच्या सवयीने मारा. नंतर रेषा कुठे पुसल्या आहेत ते पाहा. खुणा धारेला लागून पुसल्या असतील आणि डिव्हॉट (फटक्याने उखडणारे गवताचे तुकडे) खोल निघत असतील, तर तुम्ही क्लब वरून खाली, धारेने आणत आहात. तुम्हाला १० ते १४ अंश बाउन्सचा, रुंद सोलचा वेज हवा. खुणा सोलच्या मध्यावर पुसल्या असतील आणि गवत नुसते घासले जात असेल, तर मध्यम बाउन्स पुरेसा आहे. मागच्या कडेला पुसल्या असतील, तर तुमचा क्लब फार सपाट येतो आणि तुलनेने कमी बाउन्स किंवा मागची बाजू घासून कमी केलेला सोल तुम्हाला अधिक सोयीचा जाईल. एकदा चाचणी करून थांबू नका. एक फेरी चेंडू मागे ठेवून आणि एक फेरी तो पायांच्या मध्यावर ठेवून करा. दोन्ही फेऱ्यांतील खुणांमध्ये मोठा फरक दिसला, तर आधी चेंडूची जागा निश्चित करावी आणि खरेदी त्यानंतर.

दुसरा प्रश्न जमिनीचा. पुण्यात, मुंबईत किंवा नाशिकला खेळणाऱ्याला एकाच वर्षात दोन-तीन वेगवेगळ्या मैदानांवर खेळल्यासारखे होते. जून ते सप्टेंबर जमीन मऊ, गवत दाट आणि ओले असते. कमी बाउन्सचा वेज अशा वेळी हमखास रुततो. मार्च ते मे या काळात पाणी जिथे कमी पोहोचते तिथे लाय टणक आणि उघडी होते. म्हणूनच एकच टोकाचा सोल घेणे आपल्याकडच्या खेळाडूला परवडत नाही. दोन खास वेज असतील तर त्यांचे बाउन्स मुद्दाम वेगळे ठेवावेत: सँड वेजला १२ च्या आसपास आणि पुढे कधी लॉब वेज घेतला तर त्याला ७ ते ८. बंकरच्या बाबतीतही हेच. कोरड्या, भुसभुशीत, जाड वाळूत रुंद सोल आणि जास्त बाउन्स यांच्याइतकी मदत दुसरे काहीच करत नाही. पावसाने वाळू दबून घट्ट झाली असेल, तर तोच वेज सरळ चेहऱ्याने वापरावा, कारण उघडा चेहरा घट्ट वाळूवरून उसळतो. तुमच्या ८ बाउन्सच्या वेजला कोरड्या वाळूत आधारच मिळत नाही. तो खाली जात राहतो, वेग संपतो आणि चेंडू बंकरमध्येच राहतो.

ग्राइंड या शब्दाने अनेक जण गोंधळतात आणि विक्रेतेही त्यावर लांबलचक बोलतात. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच की, सोलच्या टाचेची, टोकाची किंवा मागच्या कडेची किती बाजू घासून काढली आहे. टाचेची बाजू घासलेली असेल तर चेहरा उघडल्यावर धार जमिनीलगत राहते. चेहरा फारसा न उघडता, नेहमीच्या सरळ चेहऱ्याने खेळणाऱ्याला पूर्ण, न घासलेला सोल चांगला. १८ हँडिकॅपला पूर्ण सोल किंवा फक्त मागची कडा थोडी घासलेला सोल घ्यावा. टाच आणि मागची बाजू दोन्ही खूप घासलेले वेज पाहायला सुंदर असतात, पण ते चेहरा सतत उघड-मीट करणाऱ्या हातांसाठी बनवलेले असतात.

आता लॉफ्टकडे येऊ. १९७० आणि ८० च्या दशकांत संचातला पिचिंग वेज ४८ ते ५० अंशांचा असे आणि सँड वेज ५५-५६ अंशांचा, त्यामुळे दोघांत फार अंतर नसे. पुढे उत्पादकांनी आयर्नचे लॉफ्ट क्रमाक्रमाने कमी केले. आज अनेक संचांत पिचिंग वेज ४३ ते ४५ अंशांचा असतो, काहींत त्याहूनही कमी. सँड वेज मात्र आपल्या जागीच राहिला. ‘गॅप वेज’ या क्लबचा जन्म याच पोकळीतून झाला. तुमच्या ४४ आणि ५६ मध्ये १२ अंशांचा फरक आहे. तुमच्या वेगाच्या खेळाडूचा पिचिंग वेज समजा ११० यार्ड जात असेल आणि सँड वेज ७५, तर मधल्या ३५ यार्डांसाठी तुमच्याकडे पूर्ण स्विंगचा एकही क्लब नाही. ९० यार्डांवरून तुम्ही प्रत्येक वेळी एक तर पिचिंग वेज आवरून मारता किंवा सँड वेज जिवाच्या आकांताने मारता. या दोन्ही सवयी शॉर्ट गेम बिघडवतात, कारण पहिलीत फटक्याचा वेग मध्येच मंदावतो आणि दुसरीत तोल जातो.

म्हणून ५० अंशांचा गॅप वेज घ्यावा. ४४, ५०, ५६ अशी ६-६ अंशांची सारखी पायरी तयार होईल. ज्यांचा वेग जास्त आहे त्यांना ४ किंवा ५ अंशांची पायरी सोयीची पडते. कमी वेगाच्या खेळाडूला ६ अंश पुरतात, कारण त्याच्या क्लबांमधले यार्डांतले अंतर मुळातच कमी असते. नियमाने बॅगेत १४ क्लब ठेवता येतात, आणि ३ व ४ आयर्न ज्यांनी आधीच काढून टाकले आहेत त्यांना या क्लबसाठी जागा शोधावी लागत नाही. मात्र आपल्या पिचिंग वेजचा लॉफ्ट अंदाजाने धरू नये. उत्पादकाच्या तक्त्यात तो पाहावा आणि शक्य असल्यास फिटरकडे मोजून घ्यावा, कारण वापराने आणि वाहतुकीत एखादा-दुसरा अंश सरकलेला असू शकतो.

गॅप वेज शक्यतो तुमच्या आयर्नच्याच संचातला घ्यावा, असे मी सुचवेन. या क्लबने तुम्ही मुख्यतः पूर्ण किंवा तीन चतुर्थांश स्विंग करणार आहात. चेहरा उघडून हळुवार फटके मारण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच येते. संचातल्या वेजची मागची बाजू पोकळ असल्यामुळे चेंडू चेहऱ्याच्या थोडा बाहेर लागला तरी अंतर फारसे कमी होत नाही, आणि हातातला अनुभव ९ आयर्नसारखाच राहतो. ५६ अंशांचा वेज मात्र स्वतंत्र घ्यावा. टूरवरच्या खेळाडूंच्या हाती दिसणारे पातळ ब्लेडचे वेज टायटलिस्टच्या व्होकी मालिकेत आहेत, तसेच जवळपास प्रत्येक उत्पादकाकडे आहेत. पण क्लीव्हलँडने सीबीएक्स नावाने काढलेल्या मालिकेसारखे पोकळ पाठीचे आणि रुंद सोलचे वेजही बाजारात आहेत. तुमच्यासारख्या खेळाडूने ते हाती घेऊन पाहावेत, असा माझा आग्रह आहे.

शाफ्टकडे दुर्लक्ष करू नका. दुकानात तयार मिळणाऱ्या अनेक वेजमध्ये सुमारे १३० ग्रॅमचा पोलादी शाफ्ट असतो. तुमच्या आयर्नमध्ये ग्रॅफाइट किंवा ९०-९५ ग्रॅमचा हलका पोलादी शाफ्ट असेल, तर वेज हाती घेताच तो वेगळ्याच संचातला वाटतो आणि पूर्ण स्विंगचा ताल बदलतो. वेजचा शाफ्ट आयर्नपेक्षा थोडा जड असण्यास हरकत नाही, किंबहुना छोट्या फटक्यांत त्याने हात स्थिर राहतात. पण हा फरक १०-१५ ग्रॅमच्या आत असावा.

६० अंशांच्या वेजला माझा विरोध का, तेही सांगितले पाहिजे. लॉफ्ट जितका जास्त, तितक्याच अंतरासाठी स्विंग मोठा आणि वेगवान करावा लागतो, आणि स्विंग मोठा झाला की संपर्कातली छोटी चूकही मोठी होते. २० यार्डांच्या फटक्यात ५० अंशांचा क्लब अर्धा सेंटिमीटर मागे लागला तरी चेंडू धावत ग्रीनवर पोहोचतो. ६० अंशांचा तसाच लागला तर चेंडू पायापुढे पडतो. दाट गवतात चेंडू वर तरंगत असेल तर ६० अंशांचा क्लब त्याच्या खालून निघून जाण्याचा धोकाही असतो. शिवाय लॉफ्ट वाढवत नेला की फिरकी वाढतच जाते, हेही खरे नाही. एका मर्यादेनंतर चेंडू चेहऱ्यावर पकड घेण्याऐवजी वर सरकतो. ग्रीनच्या कडेपासून फ्लॅगपर्यंत मोकळी जागा असेल तेव्हा चेंडू लवकर जमिनीवर टाकून घरंगळत नेणे अधिक खात्रीचे असते, आणि त्यासाठी ५० अंशांचा किंवा अगदी ९ आयर्नही उत्तम चालतो. स्पेनचे विख्यात गोल्फपटू सेव्ह बायेस्तेरोस लहानपणी पेद्रेन्याच्या समुद्रकिनाऱ्यावर एकाच ३ आयर्नने खेळत सगळे फटके शिकले, ही गोष्ट गोल्फच्या जगात सर्वांना ठाऊक आहे. आपल्याकडे एसएसपी चौरासिया यांनी लांब फटक्यांचे बळ नसताना २००८ ची इंडियन मास्टर्स दिल्ली गोल्फ क्लबच्या अरुंद मैदानावर जिंकली. अचूकता आणि ग्रीनभोवतीचा हात हेच त्यांचे भांडवल होते. एका क्लबच्या चेहऱ्याची आणि चेंडूच्या जागेची अदलाबदल करून तीन-चार उंचीचे फटके काढता येऊ लागले, की मग चौथ्या वेजची खरी गरज कोणत्या जागी आहे ते तुमचे तुम्हालाच दिसेल. कदाचित तेव्हा तुम्हाला ६० पेक्षा ५८ अधिक योग्य वाटेल.

ग्रूव्हविषयी, म्हणजे चेहऱ्यावरच्या खाचांविषयी, थोडे. १ जानेवारी २०१० पासून अव्वल स्पर्धांमध्ये ग्रूव्हच्या कडांची तीक्ष्णता आणि आकारमान यांवर मर्यादा लागू झाली; त्याआधीचे वेज अधिक धारदार असत. वापरलेला जुना वेज स्वस्तात मिळत असेल तर क्लबच्या स्पर्धेच्या अटी आधी विचारून घ्याव्यात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चेहऱ्याच्या मध्यावरून नख फिरवून पाहावे. कडा गुळगुळीत लागल्या तर तो वेज कितीही नामांकित असला तरी रफमधून (दाट गवतातून) चेंडू थांबवणार नाही. पावसाळ्यात ओल्या गवतातून चेंडू अधिक उंच निघतो आणि फिरकी कमी घेतो, हे लक्षात ठेवून उतरण्याची जागा ठरवावी आणि प्रत्येक फटक्याआधी चेहरा टॉवेलने कोरडा करावा. फिरकीत चेंडूचा वाटाही मोठा आहे. दोन थरांच्या कठीण आवरणाच्या चेंडूला महागड्या वेजने जेवढी फिरकी मिळते, त्याहून अधिक फिरकी युरेथेन आवरणाच्या चेंडूला साध्या वेजने मिळते. लेप न दिलेल्या, ‘रॉ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वेजला मुंबईच्या आणि कोकण-गोव्याच्या हवेत फार लवकर गंज चढतो. गंजाने फिरकी वाढते हा समज निराधार आहे. तो वेज घ्यायचाच असेल तर पावसाळ्यात ओल्या हेडकव्हरमध्ये ठेवू नये आणि घरी आल्यावर तेलाचा हात फिरवावा.

शेवटी खरेदीबद्दल. मॅटवरून वेज निवडू नका. मॅटवर क्लब चेंडूच्या मागे लागला तरी तो पुढे घसरतो, त्यामुळे प्रत्येक सोल चांगलाच वाटतो. आणि रेंजचे (सरावाच्या मैदानावरचे) चेंडू तुमच्या चेंडूपेक्षा वेगळे जातात. चाचणीसाठी वेज मिळत असेल तर गवतावरून, बंकरमधून आणि एखाद्या उघड्या लायवरून स्वतःच्या चेंडूने मारून पाहा. तुमच्या मनासारखा सोल ५६ मध्ये असेल आणि तुम्हाला ५५ किंवा ५४ हवा असेल, तर मऊ कार्बन पोलादाचा वेज एक-दोन अंश वाकवून मिळतो. मात्र लॉफ्ट जितका कमी कराल तितका बाउन्सही कमी होतो, म्हणून १२ बाउन्सचा ५६ वाकवून ५४ केला की हाती १० बाउन्सचा वेज येतो. खर्चाच्या दृष्टीने क्रम असा ठेवावा: आधी १२ च्या आसपास बाउन्स आणि पूर्ण सोल असलेला ५६, कारण सध्याच्या वेजने तुमचे सर्वाधिक फटके वाया जात आहेत, त्यानंतर संचातला ५०. हे दोन क्लब घेऊन एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा खेळा, आणि प्रत्येक वेजचा अर्ध्या, तीन चतुर्थांश व पूर्ण स्विंगचा पल्ला यार्डांत मोजून बॅगेतल्या वहीत लिहून ठेवा. चौथ्या वेजचा लॉफ्ट आणि बाउन्स त्या नोंदींवरूनच ठरवावा.